ओहोटीची वेळ आणि गाडीची वेळ



लोणावळ्यात इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोते किल्ल्यांची अपेक्षा धरून बसतात. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना. ती अपेक्षा चुकीची नाही, पण आज मी किल्ल्यांवर बोलणार नाही. आज विषय आहे कालवं. हो, समुद्रातली कालवं. खडपाला चिकटलेली, खरखरीत शिंपल्यातली. आयोजकांना विषय कळवला तेव्हा फोनवर जरा शांतताच होती. मग ते म्हणाले, "सर, लोणावळ्यात कालवं?" म्हटलं, ऐका तर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी प्रश्न येतोच. 'कालवण' हा शब्द कालवांपासून आलेला नाही. तो कालवण्यापासून, म्हणजे भातात कालवून खाण्यापासून आला. कालवांचं कालवण होतं, ही पुढची गोष्ट.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही इथले पाच-सहा जण एका दिवसाच्या सहलीला रेवदंड्याच्या बाजूला गेलो होतो. आमच्यातल्या एकाची आत्या तिकडची. ती म्हणाली होती, या, खडपावर बायका कालवं कशी काढतात ते दाखवते. पौर्णिमा होती. सकाळी सातला आरामात निघालो, खोपोलीत उतरलो, पेणला चहा घेतला, अलिबागवरून पुढे गेलो आणि अकराच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलो. समोर पाहतो तर खडप कुठे आहे? सगळं पाण्याखाली. भरती पुरी भरलेली. कालवं काढणाऱ्या बायका पहाटेच कामं उरकून बाजारात जाऊन बसल्या होत्या. वाटेत एक मावशी भेटल्या, डोक्यावर रिकामी पाटी. आम्ही कालवांबद्दल विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पानी काय तुमच्या गाडीसाठी थांबणार नाय."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी आयुष्यभर तारखांचा, वेळापत्रकांचा, दस्तऐवजांचा अभ्यास केला, आणि ओहोटी कधी असते एवढी साधी गोष्ट निघण्याआधी पाहिली नव्हती.

आता हा ठोकताळा आपल्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही पाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती पुरी होते. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. म्हणजे पौर्णिमेला दुपारच्या तोंडावर भरती आणि तिच्या सहा तास आधी, पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. संध्याकाळी परत तेच. थोडं मागंपुढं होतं, पण कामापुरतं पुरतं.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. पाणी सगळ्यात लांब जातं ते याच दिवसांत. पण आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी पडते पहाटे नाहीतर दिवस मावळताना. सप्तमी-अष्टमीला उलटं. आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. वेळ सहलवाल्यांच्या सोयीची, पण तेव्हा भांग असतो. पाणी फारसं हटतच नाही, खडपाचा वरचा पट्टा तेवढा उघडा पडतो. थोडक्यात, सकाळी घरून निघून संध्याकाळी परतणाऱ्या माणसाला कोकणचा किनारा पुरता उघडा कधी दिसतच नाही. जे काम तिथे शेकडो वर्षं चाललंय, ते त्याच्या येण्याच्या आधी संपलेलं असतं.

म्हणून मी म्हणतो की एका दिवसाच्या सहलीला स्वतःचा इतिहास आहे. कोण कुठे जातं, कशाने जातं, किती वाजता पोचतं, यावर त्याला काय दिसणार हे ठरतं. आणि हा विषय लोणावळेकरांइतका कुणाला कळणार? आपलं गावच मुळी एका दिवसाच्या पाहुण्यांवर उभं आहे.

थोडं मागे जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर रूळ घाटाच्या पायथ्याशी आले, १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत. वरच्या बाजूला १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मध्ये राहिला बोरघाट. खाली उतरायचं, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी पकडायची, असं जवळजवळ पाच वर्षं चाललं. घाटातलं काम १८५६ मध्ये सुरू झालं होतं. सुमारे २५ किलोमीटरच्या वाटेत साडेपाचशे मीटरांहून जास्त चढ, २५ बोगदे आणि मोठे पूल. कामाचा जोर असताना ४० हजारांच्या वर मजूर होते. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे दंगा झाला. पुढे नवा कंत्राटदार आला सॉलोमन ट्रेडवेल. तो आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. घाटात किती मजूर पटकीने आणि तापाने गेले, त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. २१ एप्रिल १८६३ ला घाट रेल्वेला खुला झाला आणि मुंबईचा माणूस एका दिवसात लोणावळ्याला येऊन परत जाऊ लागला. पुढे १ जून १९३० ला दख्खनची राणी आली. ती सुरुवातीला आठवड्याच्या सुट्टीची, शर्यतींच्या शौकिनांची गाडी होती, हे आता फार जणांच्या लक्षात नाही.

आता याच काळातलं दुसरं एक स्टेशन सांगतो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोर्दो शहराच्या नैर्ऋत्येला आर्काशों नावाची खाडी आहे. अटलांटिकला एका अरुंद तोंडाने जोडलेली. भरतीला तिचं पाणी दीडशेहून जास्त चौरस किलोमीटर पसरतं आणि ओहोटीला चाळीसच्या आसपास उरतं. म्हणजे दिवसातून दोनदा शंभरावर चौरस किलोमीटर चिखल-वाळू उघडी पडते. बोर्दोहून या खाडीकाठच्या ला तेस्तपर्यंत रेल्वे आली १८४१ मध्ये आणि आर्काशोंपर्यंत गेली १८५७ मध्ये. मग बोर्दोची श्रीमंत मंडळी हवापालटाला येऊ लागली. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीच्याच मालकांनी तिथे बंगल्यांची वसाहत उभारली. आपला घाट फुटला तेच दशक. थंड हवेच्या ठिकाणी रेल्वे, रेल्वेमागोमाग बंगले, बंगल्यांमागोमाग दुकानं. आपल्याला नवीन काही नाही.

त्याच वर्षांत तिथे दुसरं एक काम चाललं होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरची नैसर्गिक कालवं संपत आली होती. खरवडून खरवडून खडक मोकळे केले होते. व्हिक्टर कोस्त नावाचा गर्भशास्त्राचा प्राध्यापक इटलीत गेला आणि फुझारो सरोवरात कोळी लोक खुंट रोवून कालवांची पिल्लं कशी धरतात ते पाहून आला. त्याने तिसऱ्या नेपोलियनला पटवलं की समुद्राची शेती करता येईल. पहिला मोठा प्रयोग सेंट ब्रियूच्या उपसागरात झाला, तो फसला. मग आर्काशोंमध्ये सरकारी खर्चाने नमुन्याच्या बागा घातल्या. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगतं आणि दोन-तीन आठवड्यांनी कुठेतरी कडक जागी चिकटतं. एकदा चिकटलं की हलत नाही. तेव्हा कौलं टाकायची आणि पिल्लं धरायची. पण कौलावरून ती सोडवताना फुटायची. १८६५ च्या सुमाराला मिशले नावाच्या एका गवंड्याने उपाय काढला. कौलाला चुन्याचा थर द्या. पिल्लू चुन्यावर बसतं, पुढे चुन्यासकट अलगद सुटतं. प्राध्यापक, बादशहा, सरकारी खजिना सगळे होते, पण धंदा उभा राहिला तो गवंड्याच्या चुन्यावर.

मला एकदा कामानिमित्त बोर्दोला जायचा योग आला. एक दिवस मोकळा होता, म्हणून लोकल पकडून या खाडीवरच्या ग्युजां-मेस्त्रास या गावी गेलो. पाऊण तासाच्या आसपास लागतो. कालवांचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. सात छोटी बंदरं, काळपट लाकडी खोपटी, दाराशी चुन्याने पांढऱ्या झालेल्या कौलांच्या थप्प्या, कालवांचं एक संग्रहालय. खोपटीसमोर बाक टाकलेले. सहा कालवं, लिंबू, पाव. मी खाल्ली. कच्ची. आमच्या आजीने पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं.

पण या वेळी मी शहाणा झालो होतो. आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच निघालो होतो. त्यामुळे ओहोटीला सपाट होड्या बागांकडे जाताना दिसल्या आणि पाणी चढू लागल्यावर परत येताना दिसल्या. दुपारच्या गाडीने आलेले लोक बाकावर बसून खात होते. त्यांना होड्या किनाऱ्याला बांधलेल्याच दिसल्या.

तिथल्या संग्रहालयातली जुनी चित्रं बघण्यासारखी आहेत. बायका गुडघ्यापर्यंत पँट घातलेल्या, डोक्यावर मोठी टोपी, चिखलात उभ्या. शंभर वर्षांपूर्वी बाईने पँट घालणं म्हणजे केवढी गोष्ट! त्या चित्रांची पोस्टकार्डं छापून सहलवाल्यांना विकली जात. त्या बायकांनी मात्र पँट घातली ती चिखलात काम करता यावं म्हणून. आपल्या कोळणीचा काष्टा तसाच. त्याचीही पोस्टकार्डं झाली, सिनेमात नाच झाले. गुडघाभर चिखलात साडी आवरायची कशी, या प्रश्नाचं ते उत्तर आहे, हे कुणी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, फ्रान्सचं हे सगळं ठीक, पण आपला काय संबंध? सांगतो. संबंध तीन आहेत.

पहिला संबंध शोधायला फार लांब जायला नको. १८६८ मध्ये लिस्बनजवळच्या तेगस नदीतून कालवं भरून एक जहाज फ्रान्सला निघालं होतं. वादळामुळे ते जिरोंद नदीच्या मुखात अडकलं. माल सडला असं समजून कप्तानाने तो पाण्यात ओतला. तो सगळा सडला नव्हता. ती 'पोर्तुगीज' कालवं तिथे रुजली आणि सगळ्या किनाऱ्यावर पसरली. १९२० च्या सुमाराला आर्काशोंची मूळची चपटी कालवं रोगाने मेली, तेव्हा याच पोर्तुगीज जातीने धंदा वाचवला. आणि पुढे, १९९० च्या दशकाच्या शेवटी, आनुवंशिक तपासण्यांतून कळलं की ही जात मुळात पोर्तुगालची नाहीच. ती आशियातली, तैवानच्या बाजूची. पोर्तुगीज जहाजांच्या बुडाला चिकटून युरोपात गेली असावी, असं अभ्यासक मानतात. पूर्वेकडून लिस्बनला जाणाऱ्या त्या जहाजांचा मोठा थांबा होता गोवा. आणि जिथे आमची फजिती झाली त्या रेवदंड्याला, चौलच्या बंदरात, पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये ठाणं घातलं होतं. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेनेच फ्रान्सची कालवं गेली असावीत.

दुसरा संबंध सरकारी आहे. १९१० मध्ये मद्रास मत्स्यखात्यातल्या जेम्स हॉर्नेल यांनी आर्काशोंच्या कालवशेतीवर सविस्तर अहवाल लिहिला. तिथली शेती आणि तिच्यातून हिंदुस्थानने काय शिकावं, हाच त्याचा विषय होता. पुलिकत सरोवरात प्रयोगही सुरू झाले. नंतर कितीतरी दशकं हा विषय बाजूला पडला. १९७० च्या दशकात तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तो पुन्हा हाती घेतला, पुढे केरळात अष्टमुडीच्या बाजूला कालवशेती धंदा म्हणून उभी राहिली. आपल्याकडे सिंधुदुर्गात महिलांच्या बचत गटांनी कालवं आणि शिणाणे दोरीवर वाढवण्याचं काम सुरू केलं, आणि २०१७ पासून कांदळवनांच्या गावांसाठी राज्याची उपजीविका योजनाही आहे. म्हणजे हॉर्नेलच्या कागदापासून मालवणी बाईच्या दोरीपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली.

आणि तिसरा संबंध थेट लोणावळ्याचा आहे. तो दोन वाटांचा. एक वाट माणसांची, दुसरी पाण्याची.

माणसांची वाट कार्ल्याला आहे. तिथलं चैत्यगृह आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे कोरलेली नावं वाचलीत का? वैजयंती म्हणजे बनवासीचा भूतपाल श्रेष्ठी, धेनुकाकटचे यवन, सोपाऱ्याचा दाता. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, तेव्हाचं बंदर. दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरचा माणूस घाट चढून इथे दान देत होता. आणि त्याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ आहे. तिथे येतं कोण? मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी. डोंगरातली देवी आणि तिची लेकरं समुद्राची. चैत्रात यात्रा भरते, शुद्ध सप्तमीला पालखी निघते. आधी चालत आणि बैलगाडीने यायचे, मग मळवली स्टेशनावर उतरू लागले, आता बस आणि टेम्पो. एका दिवसाच्या सहलीची लोणावळ्यातली सगळ्यात जुनी परंपरा ही आहे, बंगलेवाल्यांची नव्हे.

आता सप्तमी का? धर्मशास्त्रातलं कारण जाणकार सांगतील. मी फक्त पाऊणपट करून पाहिली. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. भांगात ओढ मंदावते, डोलकराला काम कमी. पायी फिरून कालवं, शिंपले गोळा करणाऱ्या बाईलाही ओहोटी थोडी. म्हणजे घर सोडून एक-दोन दिवस घाटावर यायला समुद्राने रजा दिलेली असते. हा माझा तर्क आहे, पण मला तो पटतो. या लोकांची यात्राही ओहोटीच्या घड्याळाला धरून आहे. आपण मात्र त्यांच्याकडे रविवार पाहून जातो.

दुसरी वाट पाण्याची. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते आणि देहू-आळंदीकडे जाते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण लोणावळ्याचं सगळं पाणी पूर्वेला जात नाही. वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणं टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधली आणि १९१५ पासून इथलं पाणी नळांतून पाचशे मीटरांहून जास्त खाली खोपोलीच्या वीजघरात सोडलं जाऊ लागलं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. वीज काढून झाल्यावर ते पाणी जातं कुठे? पाताळगंगेत. आणि पाताळगंगा जाते धरमतरच्या खाडीत. म्हणजे आपल्या अंगणात पडलेला पाऊस पूर्वेला वारकऱ्यांकडे जातो आणि पश्चिमेला कोळ्या-आगऱ्यांकडे. आपण दोन्हीकडच्या माणसांच्या वर राहतो. वरच्या माणसाने पाण्यात काय सोडायचं, याचा विचार करायचा असतो.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. आर्काशोंमध्ये पुढे काय झालं ते ऐका, म्हणजे लक्षात येईल.

१९७० च्या सुरुवातीला पोर्तुगीज कालवंही रोगाने गेली. मग जपानी जात आणली. ती चांगली रुजली. आणि १९७७ पासून सलग काही वर्षं खाडीत पिल्लंच धरेनात. कौलं कोरी. मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे, जाड, आत पोकळ कप्पे, त्यात बुळबुळीत रस. धंदा बुडायला आला. शास्त्रज्ञ शोधत राहिले. क्लोद अल्झिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोष रोगाचा नाही, रंगाचा आहे. होड्यांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाचं एक संयुग घातलेला रंग लावत. तो रंग पाण्यात विरघळत होता आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही कालवांना मारत होता. खाडीत होड्या कुणाच्या वाढल्या होत्या? सुट्टीला येणाऱ्या हौशी लोकांच्या. हजारो. काही कालववाल्यांच्याही होत्या, पण फार थोड्या.

म्हणजे झालं काय, की जी माणसं कालवं खायला, कालवांचं गाव पाहायला येत होती, त्यांच्याच होड्यांनी कालवं संपत चालली होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता. रंगाच्या डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

१९८२ च्या जानेवारीत फ्रान्सने २५ मीटरांपेक्षा लहान होड्यांवर या रंगांना बंदी घातली. जगात पहिल्यांदा. पुढच्या काही वर्षांत पिल्लं पुन्हा धरू लागली. साऱ्या जगातल्या जहाजांसाठी तसा करार लागू व्हायला २००८ उजाडलं. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचा, की बंदी इतक्या लवकर कशी आली? माझ्या मते उत्तर असं आहे. कालववाल्याच्या नावाने सरकारदरबारी कागद होता. फ्रान्समध्ये किनारा राजाचा, म्हणजे सार्वजनिक, असं १६८१ च्या आज्ञापत्रापासून ठरलेलं आहे. पण कालवांच्या बागेचा तुकडा ठरावीक मुदतीने नावावर दिला जातो. किती तुकडे, कुणाचे, किती पीक, याची नोंद असते. नुकसान झालं की ते मोजता येतं, मोजलं की बोलता येतं.

या व्यवस्थेचीही किंमत होती, ती लपवायला नको. बागा वाटल्या गेल्या तेव्हा जे लोक आधीपासून पायी फिरून वेचत होते, त्यांची मोकळी जागा आकसली. नोंद होते तेव्हा कुणीतरी आत जातो आणि कुणीतरी बाहेर राहतो. कोकणात उद्या कालवशेतीचे परवाने वाटायचे ठरले, तर पहिला प्रश्न हाच असला पाहिजे की पहाटे खडपावर जाणाऱ्या बाईचं नाव यादीत आहे का. आज तिच्या नावावर खडप नाही. ती होडीवर जात नाही, तिचं जाळं नाही, तिचा माल वाट्याने विकला जातो. मासळीच्या हिशोबात तो कुठे धरायचा? उद्या खाडीत रसायनं आली, कांदळ तुटलं, खडपावर भराव पडला, तर तिचं किती नुकसान झालं हे सांगायला तिच्याकडे काय कागद आहे?

गोष्ट १९८२ ला संपली नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस, ऐन सणात, आर्काशोंच्या कालवांची विक्री काही आठवडे थांबवावी लागली. खूप पाऊस झाला, सांडपाण्याची गटारं भरून वाहिली, लोक आजारी पडले. कालव तासाला कितीतरी लिटर पाणी गाळतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात जातं. वरच्या गावांनी काय सोडलं याचा पुरावा खाली कालवात सापडतो.

आता परत रेवदंड्याकडे. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते पौष वद्य द्वितीयेला. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारी दीडला, ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला. लोणावळ्याहून पहाटे साडेतीनला निघालो. थंडी मरणाची. पोचलो तेव्हा फटफटत होतं आणि खडप लांबवर उघडं पडलेलं. दहा-बारा बायका वाकून काम करत होत्या. हातात छोटी कोयती, कमरेला डबा. कालवाच्या वरच्या शिंपल्यावर टोक मारायचं, झाकण उडवायचं, मांस डब्यात. एक कालव काढायला मला दोन मिनिटं लागली आणि बोट कापलं. मावशी बोलता बोलता वीस काढत होत्या.

मी पाहिलं की खालचा शिंपला त्या खडकावरच ठेवत होत्या. विचारलं, हा का नाही काढत? म्हणाल्या, "तो काढला तर पुढच्या वर्षी बसतील कशावर?" मंडळी, कालवाचं पिल्लू जुन्या शिंपल्यावर आवडीने बसतं, कारण शिंपला म्हणजे चुनाच. मिशले गवंड्याने कौलाला चुना लावला आणि त्याचं नाव इतिहासात राहिलं. आमच्या मावशींना तेच तत्त्व माहीत होतं. त्यांना कोणी शिकवलं? त्यांच्या सासूने. सासूला तिच्या सासूने.

नऊच्या सुमाराला पाणी वळलं. बायका उठल्या. साडेदहाला त्या बाजारात वाटे लावून बसल्या होत्या. तेव्हाच मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या. एका गृहस्थांनी वाट्याची किंमत विचारली आणि म्हणाले, एवढ्याशा कालवांचे एवढे? ते पहाटेचे चार तास त्यांना दिसलेच नव्हते. त्यांची चूक नाही. लोणावळ्याला येणाऱ्यालाही आपल्या चिक्कीच्या मागची भट्टी कुठे दिसते?

म्हणून शेवटी एवढंच. सहल करू नका असं मी म्हणणार नाही. लोणावळ्यात उभं राहून तसं म्हणायचं माझं धाडसही नाही. पण जाताना पंचांग बघून जा. वाट्याची सांगितलेली किंमत द्या. खालचा शिंपला खडकावर राहू द्या. आणि परत आल्यावर आपल्या धरणाच्या काठावर रविवारी संध्याकाळी काय पडलेलं असतं ते एकदा पाहा, कारण ते पाणी खाली कुणाकडे जातं हे आता तुम्हाला माहीत आहे.

येत्या माघ वद्य द्वितीयेला आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी पहाटे साडेतीनला स्टेशनबाहेर भेटावं. डबा आपापला आणायचा. उशिरा येणाऱ्यासाठी आम्ही थांबलो असतो, पण पाणी थांबणार नाही.